उजवं दोन

दादाला मोटारींच्या मेळाव्याला न्यायचं म्हणजे मांजराला आंघोळ घालायची. गुडघा दुखतो, ऊन लागतं, हल्लीच्या गाड्यांत काही राम नाही, सतराशे साठ कारणं! शेवटी मी म्हटलं, "आपली गाडी येतेय तिथे." तेव्हा कुठे गप्प बसला आणि शर्टाला इस्त्री करायला लागला. मला त्याला एक गोष्ट सांगायची होती. एकतीस वर्षं हिंमत झाली नव्हती, ती तिथे होईल असं वाटत होतं.

आपली गाडी म्हणजे आमची रॅलीची गाडी. दादा चालवायचा, मी शेजारी बसून वळणांची वही मोठ्याने वाचायचे. त्या वेगात चालवणाऱ्याला पुढचं वळण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. वही सांगेल तेच खरं. "डावं पाच, शंभर मीटर, उजवं दोन." आकडा जितका लहान तितकं वळण अवघड. आई म्हणायची, घरात ही दोघं एकमेकांचं एक अक्षर ऐकत नाहीत, गाडीत मात्र शहाण्यासारखी वागतात.

मैदानावर आधी नव्या गाड्या सुटल्या. बाई गं, काय तो वेग! खडी उडून प्रेक्षकांपुढच्या दोरीपर्यंत आली. "खेळणी आहेत नुसती," दादा म्हणाला, पण मान प्रत्येक गाडीबरोबर फिरत होती. मग जुन्या आल्या, पेट्रोलचा तो उग्र वास घेऊन, आणि माझ्या डोळ्यांना धारच लागली. धूळ गेली म्हणून सांगितलं. किती सुखाचे दिवस होते ते! चिखलाने माखलेले बूट, थर्मासातला कोमट चहा, आणि सरळ रस्ता लागला की दादाची बेसूर शीळ.

आमची गाडी आता एका दातांच्या डॉक्टरकडे आहे. भला माणूस. त्याने तोच जुना लाल रंग शोधून लावलाय. दादापुढे किल्ली धरून म्हणाला, "एक फेरी तुम्हीच मारा ना. ताई बसतील शेजारी."

दादाचा चेहरा उतरला. "नको. मला वळणं ऐकू येत नाहीत."

आमच्या शेवटच्या रॅलीत गाडी सरळ दगडी बांधावर आदळली होती. दादाचा गुडघा गेला. शुद्धीवर येताच तो मला म्हणाला, "तू सांगितलं असशील गं, मलाच ऐकू आलं नाही." मग तीन डॉक्टरांना कान दाखवले. कान ठणठणीत. तरी त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. जन्मभर गॅरेजात लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या, आणि त्या चालवून बघायला दुसरा माणूस ठेवला. घरची गाडीसुद्धा वहिनी चालवते.

आणि मी? त्याच संध्याकाळी इस्पितळाच्या बाकावर मी वही उघडली होती. गाडीच्या काचेच्या फटीतून आलेल्या पावसाच्या पाण्याने दोन पानं एकमेकांना चिकटली होती. मी ती एकदम उलटली होती. उजवं दोन मी वाचलंच नव्हतं. दादा बरा होऊ दे, मग सांगू. त्याचं लग्न होऊ दे, मग सांगू, असं करत मी मूग गिळून बसले. लाज वाटते सांगताना.

"दादा," मी म्हटलं, "तुझे कान बरोबर होते. मी ते वळण बोललेच नाही. वहीची पानं चिकटली होती."

डॉक्टर बिचारा टायरकडे बघायला लागला.

"तुला कधी कळलं?" दादाने विचारलं.

"त्याच संध्याकाळी."

ओरडला असता तर बरं झालं असतं; भांडायला मी पटाईत आहे. तो नुसता स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने किल्ली घेतली आणि गाडीत जाऊन बसला. मी सवयीने दुसऱ्या बाजूचं दार उघडलं.

"तू नको," तो म्हणाला.

मी दार लावलं आणि दोरीपाशी लोकांत जाऊन उभी राहिले. सुरुवातीलाच इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू झालं. पहिली दोन वळणं त्याने भीत भीत घेतली, तिसरं जरा बरं, आणि चौथ्याला गाडी अशी अलगद आडवी घालून बाहेर काढली की माणसं शिट्ट्या मारायला लागली. काय सुंदर चालवत होता माझा भाऊ! हे सगळं मी त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

समोरून गेला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"एकच फेरी ठरली होती," डॉक्टर काळजीने म्हणाला. "हे तर दुसरीला निघाले. हात दाखवून थांबवू का?"

"नका हो," मी म्हटलं. "त्याला आता कुणी थांबवू नका."