मनकर्णाबाईंची खाच पडलेली कैची

मित्रांनो, मी एक जुनी कैची आहे. कापडाची नव्हे, संत्र्याच्या वाळक्या फांद्या छाटायची. दुकानदार मला सिकेटर म्हणतात. मोहगावच्या आमच्या बागेत मात्र मी कैचीच. एक पोलादी पान, एक वाकडा ओठ आणि मुठीत स्प्रिंग, एवढाच माझा देह. पण त्याचा मला फार तोरा होता.

यशवंतरावांनी मला पांढुर्ण्याच्या बाजारातून आणलं आणि बायकोच्या, मनकर्णाबाईंच्या, हाती दिलं. संत्र्याचा तोडा संपला की झाडावरची सल काढायची, म्हणजे वाळकं लाकूड उतरवायचं, हे काम बाईंचंच. माझा काप इतका साफ यायचा की सालीला ओरखडा नाही. संध्याकाळी बाई मला पुसून तेलाचा थेंब द्यायच्या. त्या थेंबासाठी मी दिवसभर राबले असते.

पुढे यशवंतराव गेले. मग बाईंची मूत्रपिंडं थकली. मुलगा गुणवंता त्यांना आठवड्यातून दोनदा पिकअपमधून नागपूरला डायलिसिससाठी नेऊ लागला. बाईंनी मला गाडीच्या दारातल्या खणात ठेवलं. परतल्यावर अंगात त्राण उरलं तर एखादं झाड बघू, अशी त्यांची आशा.

एका सोमवारी सकाळी निघायच्या वेळी गाडीखाली डिझेल ठिबकताना दिसलं. डिझेलचा पाइप टोकाशी चिरला होता. वरून तारांची विणलेली जाळी आणि आत रबर, असा तो पाइप. तसलाच नवा तुकडा सीटमागे पडला होता, पण लांब होता. कापायला गुणवंतानं इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं.

"अरे, ते झाडाचं हाय," बाई आतून म्हणाल्या. "सौंसरच्या हेमंत मिस्तरीले फोन कर ना."

"तो येईलोक तुही मशीनची पाळी जाईन, माय. आत्ता कापून देतो."

आईसाठीच घाई करत होता बिचारा. म्हणून मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही. पण तारेवर माझं पान पडलं आणि माझ्या जिवाचं पाणी झालं. जाळी कापली जाईना. रबर चेपलं, तारा विस्कटून झाडूसारख्या उभ्या राहिल्या. गुणवंता दात-ओठ खात मला दाबत राहिला. पाइप तुटला, पण कुरतडल्यासारखा. त्याच वेळी माझ्या धारेला खाच पडली. चेपलेलं टोक त्यानं तसंच रेटून बसवलं, वरून क्लिप आवळली, आणि आम्ही निघालो.

सौंसर ओलांडलं आणि गाडी आचके देत बंद पडली. ऊन चढत होतं. बाईंच्या पायांवर सूज होती, बोलताना धाप लागत होती. गुणवंता कधी बॉनेटमध्ये डोकं घाले, कधी आईकडे पाही. दारातल्या खणात मी नुसती पडून होते. तेवढं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

शेवटी फोन केल्यावर हेमंत मिस्तरी मोटरसायकलवर आला. पाइप काढून त्यानं आतून रबराची चिंधी ओढली. डिझेलची वाट तिनंच अडवली होती.

"कायनं कापला हा?"

बाईच म्हणाल्या, "माह्या कैचीनं."

"कैचीनं हा चेपते, गुणवंता. अन् पाइप निसटून गरम सायलेन्सरवर डिझेल उडालं असतं तं? माय आत बसून हाय ना!"

हेमंतनं पाइपाला घट्ट टेप गुंडाळली आणि टेपच्या मधोमध बारीक दातांची आरी सावकाश, सरळ चालवली. एक तार सुटली नाही. मग आतली बारीक घाण फुंकून काढली. दोन मिनिटांचं काम. बाईंची पाळी मात्र हुकली होती. दिवेलागणीपर्यंत त्या नागपूरच्या दवाखान्यात बाकावर धापा टाकत बसल्या, तेव्हा कुठे मशीन मिळालं.

त्या वाचल्या. बरं वाटलं तसं एक दिवस त्यांनी मला बागेत नेलं. पहिल्याच फांदीला माझी खाच अडकली आणि ओल्या सालीची लांब पट्टी सोलून निघाली. काही दिवसांनी तिथून डिंक गळू लागला. बाईंनी खाचेवरून बोट फिरवलं आणि मला ओसरीतल्या खिळ्याला टांगलं. तेव्हापासून मी तिथेच आहे. तेलाचा थेंब नाही, आणि मला माझ्या खाचेची लाज वाटते.

मित्रांनो, घाईत हाताला लागेल ते हत्यार उचलू नका. कशासाठी घडवलं आहे, एवढं त्याला विचारा.

ओसरीसमोरच्या गाडीत आता आरी आणि टेप असते. तरी बसण्याआधी बाई दर खेपेला विचारायच्या, "पाइप कायनं कापला रे?" गुणवंता मान खाली घालून सांगायचा, "आरीनं, माय." मगच त्या पाय आत घ्यायच्या.

या सोमवारी त्यांना उचलूनच बसवावं लागलं. विचारायला श्वास पुरला नाही. गुणवंतानं दार लावलं, काचेशी वाकला आणि आपणहून म्हणाला, "आरीनं कापला, माय. आरीनंच."