दुसऱ्या तळ्यातला नर

“नाही गं. माझेही नर कोरडेच आहेत. सकाळीच दाबून बघितले.”

घरात साखर संपली म्हणून शेजारणीला सांगावं, तसं शुभांगी हे बोलून गेली. समोर कुंदा उभी होती, कोपरापर्यंत ओली, आणि तिच्या मागच्या टाकीत रोहूची मादी अंड्यांनी फुटायला आलेली.

शुभांगीच्या तळ्यातला एकही नर कोरडा नव्हता.

त्याआधी

अठ्ठ्याण्णव सालचा जुलै. गंगापूर धरणाच्या रस्त्याला मत्स्य संशोधन केंद्र, तिथे दोन मुली, दोन तळी, दोन खाद्यं. शुभांगी निफाडच्या द्राक्षबागायतदाराची, कुंदा मनमाडच्या रेल्वे फिटरची. कुणाच्या खाद्यावर मादी चांगली अंडी देते ते बघायचं होतं. कायमची जागा एकच निघणार होती. केंद्रप्रमुख आहेर सर हे कधी तोंडाने बोलले नाहीत, पण दोघी ओळखून होत्या.

त्याच्याही आधी

कुंदाचं नेमकं काय डोळ्यांत खुपायचं? सांगायला गेलं तर हसू येईल. डब्यात रोज बटाट्याची भाजी, तरी सगळे तिच्याच डब्याभोवती. “सर, तुमचं चुकलं,” असं ती म्हणाली की सर खो खो हसायचे. शुभांगीने बरोबर उत्तर दिलं तरी नुसती मान हलवायचे.

कुंदाचं खाद्य मोजकं, त्यात थोडं माशाचं तेल. शुभांगीचं शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा. उन्हाळ्यात कुंदाच्या माद्या पाणी कापत पळताना दिसल्या आणि शुभांगीने आपल्या तळ्यात एक ओंजळ जास्त टाकली. मग दोन. कुणाला न सांगता.

“ताई,” तळ्यावरचा देवराम म्हणाला, “तुमच्या मासळ्या लग्नघरच्या आत्याबाई झाल्यात. हलवत नाय त्यांना.”

“तुला काय करायचंय? तू जाळं धू.”

आणि तिसरी ओंजळ पडली.

जुलैच्या सुरुवातीला अंडी सुटायचं इंजेक्शन देऊनही तिची एकही मादी व्याली नाही. सरांनी एक मादी चिरली. आत सगळी पिवळी चरबी, लोण्यासारखी, आणि तिच्यात अडकलेली मूठभर अंडी.

“शुभांगी, मासे पोसायचे नव्हते. व्यायला लावायचे होते.”

देवराम हसला असता तर चाललं असतं. कुंदा म्हणाली, “होतं गं असं.”

होतं गं! जणू मोठी बहीणच.

आता

कुंदाच्या मादीचं पोट हात लावताच अंडी सोडत होतं. नराचं पोट दाबलं की दुधासारखं पाणी येतं, ते अंड्यांवर लगेच पडावं लागतं. कुंदाचा एक नर पहाटे मेलेला, दुसऱ्यातून जेमतेम थेंब.

“शुभे, तुझ्या तळ्यातला एक नर दे. पळत जा, अंडी थांबायची नाहीत!”

आणि मग ते उत्तर.

कुंदाने पुन्हा विचारलं नाही. खरं मानलं. त्याचाच शुभांगीला जास्त राग आला. एवढा विश्वास टाकायला माणसाला आजवर कुणी फसवलेलं नसावं लागतं. तेही हिच्याच वाट्याला!

कुंदाने परातीत अंडी काढली, तो एक थेंब टाकून पिसाने हलवली. दुपारपर्यंत परातभर अंडी पांढरी फटक पडली, कच्च्या साबुदाण्यासारखी. सगळी मेलेली.

कुंदा तिथेच, सगळ्यांसमोर, ढसाढसा रडली. देवराम चहा आणायला धावला. सरांनी खिशातला रुमाल काढून दिला.

“वेडी आहेस का? अंडी किती आली बघ. खाद्य तुझंच सरस ठरलं. नराचं पुढच्या खेपेला बघू. जागेसाठी पुण्याच्या ऑफिसला मी आजच फोन करतो.”

म्हणजे जागा गेली. खोटं बोलूनही गेली.

पण शुभांगीला टोचत होतं ते निराळंच. आपली मादी चिरली तेव्हा ती संडासात जाऊन, नळ सोडून रडली होती. बाहेर आली तर देवराम म्हणाला होता, “ताई, पाणी वाया नका घालवू.”

कुंदाने डोळे पुसले, तिच्याकडे आली, अंड्यांच्या वासाचा ओला हात तिच्या खांद्यावर ठेवला.

“तुझेही नर तसलेच निघाले. आपलं दोघींचं नशीबच फुटकं बघ.”

शुभांगीने हात झटकला नाही. कुंदाच्या दुसऱ्या मुठीत सरांचा रुमाल किती चुरगळलाय, तेवढंच ती बघत राहिली.