गेटवरचा पांढरा टॉवेल

आमच्या मावशीला सगळं आधीच करून ठेवायची खोड. गाडी दुपारची असली तरी ही सकाळपासून स्टेशनवर. पाहुण्यांचा चहा ते यायच्या आधीच गाळून ठेवते आणि थंड झाला की त्यांच्यावरच डाफरते.

डोंगर पेटला तो विजेच्या तारेच्या ठिणगीने. दोन वर्षं पाऊस नाही, सगळं रान वाळून खडखडीत झालेलं. तारांखालची झुडपं कोणी कापायची यावर वीज खातं आणि वन खातं एकमेकांकडे बोट दाखवत बसले होते. आता दोघांचेही साहेब टीव्हीवर हळहळतायत. बघून डोकं फिरतं. मी अग्निशमनाचा बंब चालवतो.

सरकारने एक नियम मात्र बरा काढला होता. घर सोडताना गेटवर पांढरा टॉवेल बांधायचा. टॉवेल दिसला की घर रिकामं, आम्ही तिथे थांबायचं नाही. रेडिओवर कालपासून हेच चाललं होतं.

मावशीच्या गल्लीत शिरलो तेव्हा धुराने रस्ता दिसेना. ओळीने सगळ्या गेटांवर टॉवेल, राखेने काळपट पडलेले. मावशीच्याही. माझ्या जिवात जीव आला.

"गल्ली रिकामी," शेजारी बसलेले आमचे कप्तान म्हणाले. "चल पुढे, दवाखान्याकडे."

गल्लीच्या टोकाला पोचलो आणि मावशीचा तो थंड चहा आठवला. मी ब्रेक दाबला.

"मावशी घरात आहे."

"टॉवेल दिसला नाही तुला?"

"साहेब, तिने तो कालच बांधला असणार. तुम्ही तिला ओळखत नाही."

"अरे, वारा फिरला तर आपण इथेच भाजून निघू! चल म्हणतो ना!"

"उद्या मला घरी बसवा," म्हणत मी बंब मागे घेतला. कप्तानांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मावशीच्या घरामागचं कुंपण पेटलं होतं. मी दार ढकललं. मावशी खुर्चीत बसलेली, पायात बूट, मांडीवर पिशवी, नाकाला ओला रुमाल.

"आलास? न्यायला बस पाठवतो, बस पाठवतो म्हणतायत रेडिओवर सकाळपासून. कुठाय बस?"

मला रडू आलं आणि रागही आला. "टॉवेल निघताना बांधायचा होता गं!"

"घाईत राहून गेला असता म्हणून कालच बांधला." खोकत खोकत ती ऐटीत म्हणाली, "मी तर सगळ्या गल्लीला सांगितलं, आत्ताच बांधून मोकळे व्हा."

कप्तान माझ्यामागे दारात येऊन उभे होते. ते तसेच उलटे धावले आणि बंबाच्या भोंग्यावर हात दाबला तो काढलाच नाही.

समोरचं दार उघडलं. मग त्याच्या शेजारचं. मग पलीकडचं. पायात बूट घातलेली, पिशव्या घेतलेली माणसं धुरात डोळे चोळत विचारत होती, "बस आली का?"