डिझेलच्या काट्याचा कबुलीजबाब

मित्रांनो, मी एका जुन्या पिकअप गाडीतला डिझेलचा काटा आहे. टाकीत डिझेल किती उरलं आहे, एवढंच सांगायचं माझं काम. ते मी बरीच वर्षं चोख केलं आणि मग एक हिवाळाभर चुकीचं सांगत राहिलो. त्यापायी एका सरळ माणसावर चोरीचा आळ आला. मी इथे माझी बढाई सांगायला बसलेलो नाही, कबुली द्यायला बसलो आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढऱ्या तबकडीवर मला बसवलं, वर काच लावली आणि एका बारीक वायरीने माझी टाकीशी गाठ घालून दिली. टाकीत एक तरंगता डबा असतो. डिझेल भरलं की तो वर येतो, संपत आलं की खाली जातो, आणि त्याच्या निरोपावर मी हलतो. पण मित्रांनो, मला आणखी एक वायर आहे. तिला अर्थची वायर म्हणतात. ती गाडीच्या पत्र्याला घट्ट जोडलेली असावी लागते, कारण माझ्यातून गेलेली वीज तिच्याच वाटेने परत जाते. माझ्या मागच्या अंधारात एका छोट्या स्क्रूखाली ती असते. तिच्याकडे कोणी कधी बघत नाही. मीसुद्धा तिला कधी मोजलं नाही. सगळं श्रेय माझंच, असं मला वाटायचं.

गाडी बापूजींनी घेतली. बापूजींची धानाची शेती आणि चामोर्शीला बिछायत केंद्र. लग्नाचे मांडव, खुर्च्या, सतरंज्या, भात शिजवायची मोठी गंज-पातेली, सगळं भाड्याने देण्याचं दुकान. गाडीवर ड्रायव्हर होता गुलाब. तो पहिल्या दिवसापासून होता. सकाळी चावी फिरवली की बोटाने माझ्या काचेवर टकटक करायचा आणि विचारायचा, "काय म्हनता, काटेराव?" मी डुलत वर यायचो. त्याला मी कधी रस्त्यात तोंडघशी पाडलं नाही, म्हणून तो माझं फार कौतुक करायचा. "बापूजी, गाडी जुनी झाली, पन आपला काटा खरा बोलते," असं त्याने चार माणसांत सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की बापूजी ओल्या कुंकवाचं एक बोट माझ्या काचेवरही लावायचे. एवढा मान मिळाल्यावर कोणाचंही डोकं फिरेल. माझंही फिरलं.

मग दोन-तीन पावसाळे गेले. गाडीच्या पुढच्या काचेच्या फटीतून पाणी आत झिरपायचं. माझ्या मागे त्या स्क्रूखाली हिरवा गंज धरत होता. मला कळलं नाही. कळलं असतं तरी मी कोणाला सांगणार होतो?

पुढचा हिवाळा आला. वैनगंगेच्या अंगाने सकाळी असं धुकं उतरायचं की समोरचा बैल दिसू नये. गुलाब पहाटे निघायचा तो मोठे दिवे लावूनच. आणि दिवे लागले की मी खाली घसरायचो. टाकी अर्धी असली तरी मी पाव टाकीवर यायचो. दिव्यांना जी वीज लागते तिलाही परतीची तीच वाट, तोच गंजलेला स्क्रू. अडलेल्या वाटेवर दोघांची गर्दी व्हायची आणि माझ्या वाट्याला पुरेशी वीज उरायची नाही. शेजारचा इंजिनाच्या उष्णतेचा काटाही माझ्यासोबत पडायचा. पण सकाळी इंजिन थंड असल्याने तो आधीच तळाशी असायचा, त्यामुळे त्याचं पाप झाकलं गेलं. उघडा पडलो मी.

एका सकाळी बापूजी कांबळं पांघरून गोदामापाशी आले. गुलाबने गाडी चालू करून दिवे लावले होते. बापूजींनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला अर्ध्यावर पाहिलं होतं.  त्या संध्याकाळी ते परत आले, चावी फिरवली, डॅशबोर्डवरच्या देवाच्या डबीतलं कुंकू बोटावर घेतलं, थुंकीने ओलं केलं आणि मी जिथे उभा होतो तिथे काचेवर रेघ ओढली. ज्या बोटाने ते माझी पूजा करायचे, तेच हे बोट. दुसऱ्या दिवशी धुक्यात, दिव्यांच्या उजेडात, मी त्या रेघेच्या बराच खाली होतो.

मग रोज रेघ आणि रोज मी खाली. संध्याकाळी मी पुन्हा वर दिसलो, तर दिवसा डिझेल भरलं असेल, असं ते धरून चालायचे. बापूजींनी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. तरी मी खाली. खरं तर तिथेच त्यांना उमगायला हवं होतं की कुलूपबंद टाकीतून डिझेल जाणार कुठे? पण त्यांनी तर्क लावला की गुलाबने दुसरी किल्ली करून घेतली असणार.

गुलाब काही गाफील नव्हता. दिवे लावले की ऑइलचा लाल दिवाही मिणमिणतो, हे त्याने हेरलं होतं. दुपारी दिवे बंद असले की मी आपोआप वर चढतो, हेही त्याने पाहिलं होतं. एका सकाळी चौकातल्या चहाच्या टपरीसमोर गाडी उभी होती. खिडकीची काच खाली होती. बापूजी आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "गुलाब, किती दिवस विकून राह्यला डिझेल?"

गुलाबने हातातला चहा बाकावर ठेवला. "काय बोलता बापूजी? मी काऊन विकन? काट्यातच काईतरी घोळ आहे. दुपारी थो आपोआप वर जाते."

"आपोआप? डिझेल का झाडाले लागते?"

टपरीवरची माणसं हसली. गुलाब म्हणाला, "बांबूची काडी टाकून पाहा टाकीत. किती भिजते थे पाहा. मंग बोला."

"काडी कायले? तूच सांगत होता ना, आपला काटा खरा बोलते म्हनून?"

 त्याचंच कौतुक त्याच्या गळ्यात पडलं होतं. तो गाडीत आला, चावी काढली आणि एक क्षण माझ्याकडे पाहिलं. टकटक केली नाही. चावी निघताच मी शून्यावर जाऊन पडलो. चावी बोनेटवर ठेवून तो पायी निघून गेला. मित्रांनो, तेव्हा मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. ती नव्हती, आणि ही काही सबब होत नाही, हेही मला ठाऊक आहे.

यापुढची गोष्ट सांगताना मला जास्त लाज वाटते. गुलाब गेला तेव्हा थंडी सरत आली होती. आठ दिवसांत धुकं संपलं. बापूजींचा मुलगा अजय गाडी चालवू लागला, तीही लख्ख उजेडात. दिवे लावायची गरजच उरली नाही. रेघेवर ठेवलं की दुसऱ्या दिवशी मी बरोबर रेघेवरच. बापूजी येईल त्याला मला दाखवत. "पाहा, गुलाब गेला आन् डिझेल टिकलं." मी खरं बोलत होतो आणि माझं खरं बोलणंच त्या माणसाला चोर ठरवत होतं. हे ओझं मी पूर्ण उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा वागवलं.

गाडीत बसणाऱ्यांच्या बोलण्यातून गुलाबची खबर कानावर यायची. डिझेलचोर म्हटल्यावर चामोर्शीत कोणी त्याच्या हाती गाडी देईना. तो घुग्घुसला गेला. तिथे एका अड्ड्यावर कोळशाच्या ट्रकांची चाकं बदलतो म्हणे. ज्याला स्टेअरिंगशिवाय करमायचं नाही, तो चाकं बदलत होता. त्याच्या लेकीला, रोशनीला, शाळेत पोरी चिडवायच्या. बायको केसरबाई बाजारात फुटाण्याचं दुकान मांडू लागली होती.

पुन्हा हिवाळा आला. पहिल्याच धुक्यात अजयने दिवे लावले आणि मी धाडकन पावावर आलो. बापूजी शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. मला वाटलं, आता अजयवर आळ येणार. पण बापूजी अगदी सहज म्हणाले, "काटा बिघडला वाटते. बिरजूले दाखव."

बस, एवढंच. मुलाची किल्ली तपासली नाही, टपरीवर नेलं नाही.

बिरजू हा गाड्यांच्या वायरिंगचा मिस्त्री. त्याने आधी टाकीतला तरंगता डबा तपासला. ठीक होता. मग अजयला विचारलं, "फक्त सकाळीच पडते ना? सकाळी वेगळं काय करता तुमी?"

"काई नाई. धुकं असते, लाईट लावतो."

"लाव मंग आता."

अजयने दिवे लावले. मी खाली. बंद केले. मी वर. तीनदा केलं. लाल दिवा मिणमिणला. बिरजूने बॅटरीच्या अर्थच्या टोकापासून एक सुटी वायर आणून माझ्या पाठीला टेकवली आणि दिवे चालू असतानाही मी ताठ उभा राहिलो. मग त्याने तबकडी बाहेर काढली, तो स्क्रू सोडवला आणि वायरीचं हिरवं झालेलं टोक बापूजींच्या तळहातावर ठेवलं. "अर्थ गेली होती. घासून कसून देतो. दहा मिनिटाचं काम आहे."

बापूजींनी ते टोक बराच वेळ निरखलं. "हे कधीपासून असन, बिरजू?"

"एवढा गंज? दोन-तीन पावसाळे त झालेच असतीन."

घरी येताना बापूजींनी अजयला चौकातून न नेता मागच्या रस्त्याने गाडी घ्यायला लावली.

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत बापूजींचे मांडव असतात. गाडी सामान घेऊन तिथे गेली. केसरबाईचं फुटाण्याचं दुकान रस्त्याच्या कडेलाच होतं आणि गुलाब दोन दिवस तिच्या मदतीला आला होता. बापूजींनी त्याला हाक मारून गाडीत बसवलं. वर्षभराने तो माझ्यासमोर आला. हात काळे पडले होते. बापूजींनी दिवे लावून दाखवले, मी हललो नाही. त्यांनी सगळं सांगितलं. धुकं, अजय, बिरजू, हिरवी वायर. "काट्यानं धोका देल्ला गुलाब. तू परत ये. गाडी तुलेच सांभाळा लागते."

गुलाबने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू विचारलं, "काटा पडला तईं अजय गाडीवर होता ना?"

"हो."

"त्याले चोर म्हनलं का तुमी?"

बापूजींनी हात लांबवून दिवे बंद केले. मित्रांनो, इतके दिवस मला वाटत होतं की सगळा दोष माझा आहे. त्या प्रश्नाने मला कळलं की माझ्या पापात आणखी एक वाटेकरी आहे. पण त्याने माझं ओझं काही हलकं झालं नाही.

"टपरीवर म्हनलं होतं तुमी," गुलाब म्हणाला. "सांगाचं असन त थ्याच टपरीवर सांगा." आणि तो फुटाण्याच्या दुकानाकडे निघून गेला.

दोन दिवसांनी बापूजींनी गाडी चौकात उभी केली. तीच टपरी, बहुतेक तीच माणसं. गुलाब घुग्घुसची बस धरायला पिशवी घेऊन तिथेच उभा होता. बापूजी म्हणाले, "गुलाबनं डिझेल नाई विकलं. काटा खराब होता." आळ घेतला त्या दिवशी त्यांचा आवाज अख्ख्या चौकात गेला होता. आज तो बाकापर्यंतही पोचला नाही. मागचा एक जण म्हणाला, "काय म्हनलं बापूजी? ऐकू नाई आलं."

बापूजींना पुन्हा सांगावं लागलं. मोठ्याने. "गुलाब चोर नाई! चूक माही होती!"

टपरीवर कोणी हसलं नाही. गुलाबने पिशवी उचलली, गाडीच्या खिडकीतून हात आत घातला आणि माझ्या काचेवर बोटाने दोनदा टकटक केली. काही विचारलं नाही. मग तो बसमध्ये चढला.

तो परत आलेला नाही. घुग्घुसला आता त्याच्या हाती ट्रक दिला आहे, असं अजय सांगत होता. माझ्या काचेवरची रेघ बापूजींनी ओल्या फडक्याने पुसली, पण कुंकवाचा डाग काही पूर्ण जात नाही. रोज मी वर चढतो तो त्या डागाजवळूनच.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीत एखादा काटा विचित्र वागला, एखादा दिवा उगाच मिणमिणला, तर त्याच्या मागची वायर उघडून बघायला सांगा. आम्ही यंत्रं आहोत, आम्ही गंजतो, आमचं ऐकून कोणाला चोर म्हणू नका. आणि आपल्या माणसासाठी काटा तपासणार असाल, तर परक्यासाठीही तपासा. बिरजूला दहाच मिनिटं लागली होती.