एकोणिसावी ओळ

सी मुन्सिफने मकरूदचा, म्हणजे खजुराच्या मिठाईचा, डबा नजलाच्या टेबलावर ठेवला, झाकण स्वतःच उघडले आणि डब्याच्या शेजारी एक पेनड्राइव्ह ठेवला.

"आधी खाऊन घे. कैरवानचे आहेत, बायकोने आणलेत. मग मला सर्व्हरची नोंदवही उतरवून दे."

"कसली नोंदवही, सी मुन्सिफ?"

"तक्रारींच्या साइटची. तक्रारी नकोत, त्या मी वाचल्यात. कोणी कधी कुठलं पान उघडलं ते सर्व्हर आपणहून लिहून ठेवतो ना, ते. सव्वीस तारखेचं पुरे. पावणेदोनला येतो न्यायला."

तो कामगार खात्याचा प्रमुख होता; सगळे त्याला मानाने 'सी', म्हणजे साहेब, म्हणत. स्फाक्स शहरातल्या त्या आम्लाच्या कारखान्यात वीस वर्षांत त्याचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. चढला असता तर लोकांना जरा बरे वाटले असते. मागच्या वर्षी माल चढवणारा एक जण वेतनाबद्दल जाहीर बोलला, तेव्हाही सी मुन्सिफने त्याला शांतपणे चहा पाजला होता. महिन्याभरात त्या माणसाच्या घराला कुलूप लागले. बायको माहेरी गेली एवढेच कळले. त्याचे काय झाले ते विचारायला कोणी धजावले नाही.

सी मुन्सिफ गेल्यावर नजलाने डबा बाजूला सरकवला. सर्व्हरची नोंदवही.

हिवाळ्यात सहा नंबरच्या टाकीपाशी वायुगळती होऊन एक माणूस मेला होता. युनियनने धरणे धरले, तेव्हा कंपनीने कबूल केले की कामगारांना नाव न सांगता तक्रार करता येईल अशी साइट काढू. कारखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या नजलाने ती तीन दिवसांत उभी केली. पहिल्या पानावर कामगार-क्रमांक टाकायचा, म्हणजे बाहेरचा कोणी आत शिरणार नाही. दुसऱ्या पानावर तक्रार लिहायची. क्रमांक फक्त तपासायचा, साठवायचा नाही. तक्रारीवर तारीख पडे, वेळ नाही. तक्रारींचा क्रमही तिने मुद्दाम उलटसुलट ठेवला होता. या काळजीचा तिला अभिमान होता.

पण वेबच्या पानांना एकमेकांची ओळख नसते. पहिल्या पानावर सांगितलेले दुसऱ्याला ठाऊक नसते. मधे कोणीतरी ते वाहून न्यावे लागते. सर्व्हरच्या आठवणीत जपून ठेवून माणसाच्या हाती नुसता एक बिल्ला द्यावा, हा चांगला मार्ग. पानाच्या पत्त्यालाच शेपटासारखे जोडून द्यावे, हा सोपा. नजलाने घाईत सोपा मार्ग घेतला होता. नंतर बदलू, असे म्हणून. आणि सर्व्हर मागितलेला प्रत्येक पत्ता लिहून ठेवतो, शेपटासकट.

तिने फाइल उघडली. सव्वीस तारखेला युनियनने सगळ्यांना तक्रार लिहायला सांगितले होते. पाळी सुटल्यावर दोन ते तीनच्या दरम्यान दुसरे पान एकोणीस वेळा उघडले गेले होते. प्रत्येक पत्त्याच्या टोकाला प्रश्नचिन्ह, त्याच्यापुढे कामगार-क्रमांकाचे चार आकडे. वरून सातव्या ओळीत ३११७.

खमैस. झडपांवर काम करणारा फिटर, तिच्या वडिलांच्या पाळीतला. वडील गेल्यावर बारावीची पुस्तके त्यानेच आणून दिली होती. साइट सुरू झाली त्या आठवड्यात तो इथेच, याच खुर्चीत, टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"नंबर मागतंय गं पोरी. मला तीन मुली आहेत."

"काका, तो फक्त दारावर दाखवायचा. आत कुठेच लिहिला जात नाही."

"तुझ्या बापाची शपथ?"

"बाबांची शपथ."

मग त्याने, तिला सांगूनच, लिहिले की सहा नंबरची झडप बदलल्याची सही वहीत ज्या दिवशी झाली, त्या दिवशी नवी झडप गोदामातच पडून होती. बाकीच्या अठरा जणांनी कँटीन, बूट, बस असले लिहिले होते. खमैसची तक्रार ट्यूनिसच्या एका वर्तमानपत्रात जशीच्या तशी छापून आली, आणि तेव्हापासून सी मुन्सिफ खात्याखात्यांत मिठाई वाटत फिरत होता.

घड्याळात सव्वा वाजला होता. सगळी फाइल उडवली तर सरळ बोंब होणार. एक ओळ गेली तर कोण मोजत बसणार आहे? नजलाने ३११७ ची ओळ निवडली. ती पुसून टाकली. खालच्या बारा ओळी एक-एक पायरी वर आल्या, जणू मधे कोणी नव्हतेच. तिचा जीव भांड्यात पडला. तिने फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि सकाळपासून पहिल्यांदा पोटात काही घातले. मकरूद खरेच चांगले होते.

सी मुन्सिफ बरोबर पावणेदोनला आला. त्याने पेनड्राइव्ह खिशात टाकला नाही. तिच्याच संगणकाला लावायला सांगितला, आणि कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढून पडद्याशेजारी धरला.

"सोमवारी सर्व्हर नव्या खोलीत हलवला ना? तेव्हा एक प्रत काढून ठेवली होती. छापलीय. पण काय उपयोग, एकोणीस नंबर आणि एकोणीस तक्रारी. कोणाची कुठली, हे या कागदावरून देवालाही कळायचं नाही. तू काम चोख केलंस, मानलं तुला."

त्याचे बोट कागदावरून एकेक ओळ खाली उतरू लागले, नजर पडद्यावर. सातव्या ओळीशी बोट थांबले. कागदावर तिथे ३११७ होते, पडद्यावर त्याच्या पुढचाच क्रमांक.

"म्हटलं, ज्याला ठाऊक असेल त्यालाच विचारावं," तो म्हणाला. "बाकीच्या अठरा जणांना उगाच त्रास कशाला?"

"सी मुन्सिफ, ती ओळ... ती माझ्या चुकीनं गेली."

"हो ना. चुकीनंच." त्याने पेन काढून कागदावर छोटीशी खूण केली आणि कागदाची पुन्हा घडी घातली.

दोनचा भोंगा झाला. खाली फाटकाशी पाळी सुटलेल्या माणसांची रांग लागली. खमैस रोजच्यासारखा वळला, टोपी मागे सारली आणि तिच्या खिडकीकडे बघून हात वर केला. नजलाचा हात उठला नाही.

तिच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या सी मुन्सिफने हात वर करून त्याला उत्तर दिले.