दोन ते चारचा पहारा

उलटी पडलेली एक चप्पल होती ती, निळ्या पट्ट्याची, तंबूच्या दाराशी. बाकी फोटोत सगळं जिथल्या तिथं – केशरी तंबू, मागे डोंगराची कड, कडेवर नुकतं उतरलेलं ऊन, दोन घडीच्या खुर्च्या आणि त्यांच्यामध्ये चहाचे कप – आणि तरी मालनची नजर फिरून फिरून त्या चपलेवरच. कोण उठून गेलं असेल असं एका पायानं, आणि परत आलं की नाही... तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, तर चप्पल पसरट, धूसर होऊन गेली आणि डोंगर पडद्याबाहेर सरकला.

असे तीन जागांचे फोटो काल अमरनं पुण्याहून पाठवले होते. पुढच्या महिन्यात, नाताळच्या सुट्टीत, सगळ्यांनी मिळून डोंगरात तंबूत राहायचं – अमर, दीप्ती, त्यांची अनुजा आणि आजी. ‘आई, तो सगळा भाग तुझा हिंडलेला आहे. तिन्हींतली तू म्हणशील ती जागा. उद्या संध्याकाळी फोन करतो.’ आणि त्याच्याखाली सुनेचं वेगळं, फक्त मालनला: ‘एकच अट आई, शांत पाहिजे. अगदी शांत. सहा महिने झाले, त्यांना धड झोप नाही. डॉक्टर म्हणाले, चार दिवस कसलाही आवाज नाही अशा ठिकाणी न्या.’

शांत... मालननं मान वर केली. फुलेवाडीतलं दुसऱ्या मजल्यावरचं हे घर, सकाळचे दहा, भाकरी एकच करायची म्हणून तवासुद्धा लहान घेतलेला. फ्रीज चालू असताना कळत नाही, थांबला की कळतं. शांतताच पाहिजे असेल तर इथून डब्यात भरून पाठवली असती बाळ, रोज, दोन वेळची – असं एक वाक्य मनात उठलं आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. लेकराला झोप नाही आणि आपण टोमणे जुळवत बसलोय.

तिनं पुन्हा फोटो घेतले. पण हे असं फोटोंतून डोंगर बघणं तिला जमेना. लोकांना डोंगर म्हटलं की गड आठवतात, धबधबे आठवतात; मालनला सप्ताह आठवत. गगनबावड्याच्या अलीकडचं एक गाव म्हणजे माघातला सप्ताह, धुकं इतकं की कीर्तनाला उभे राहिलेले बुवा दिसत नसत, नुसता अभंग यायचा धुक्यातून, जसा काही डोंगरच गातोय. धरणाकाठचं दुसरं म्हणजे होडीतून नेलेली पेटी, आणि ‘अवो मास्तर, पेटी बुडाली तर चालंल, तुमी बुडू नका’ म्हणणारा नावाडी. जिल्हा परिषदेतली कारकुनी सांभाळून तिचे यजमान गणपतराव रजा काढकाढून बुवांच्या मागं पेटी वाजवत हिंडले आणि त्यांच्या मागं मालन. बुवा म्हणत, देवाला ऐकू जाईल, त्याची काळजी नको; शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे. तेव्हापासून कुठल्याही मोकळ्या जागेवर गेलं की मालन आधी शेवटची रांग शोधायची. आताही ती तेच करत होती – इथं बुवा उभे राहिले तर वारा कुठून येईल, ह्या कडेवर आवाज ठरेल का, की खाली कोकणात पडून जाईल...

आणि तिसऱ्या फोटोत, तंबूच्या पार मागं, कोपऱ्यात पत्र्याचं एक छप्पर, त्याच्यापुढं दगडी पार. आंबेमाळ! गारगोटीच्या पुढं, रस्ता संपतो तिथलं. तिथला सप्ताह दत्तजयंतीचा. ती उठून कॅलेंडरपाशी गेली, बोटानं दत्तजयंती शोधली, नाताळच्या सुट्टीवर दुसरं बोट ठेवलं. दोन्ही बोटं एकाच आठवड्यात होती. कशाला बघितलं मी हे, तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आत फोटोखालच्या नंबरावर फोन लावला.

“बोला पावणं.”

“चोवीस ते सत्तावीस जागा आहे का?”

“न्हाई बघा. त्या आठवड्यात आमी कुणालाच देत न्हाई. दत्ताचा सप्ताह असतोय, पहाटं चारला भोंगा सुरू, ते रातीचं कीर्तन संपंपतूर. गेल्या साली दिली, तर एक पावणं मध्यान रातीला आलं विचारत, ह्याचा आवाज कमी करायचं बटण कुठं हाय. म्हटलं, बुवांच्या पोटात हाय, जावा दाबून या.”

मालन हसली. आपलंच हसू भिंतीवर जाऊन परत आलं तेव्हा तिला समजलं की ह्या घरात बरेच दिवस कुणी हसलेलं नाही.

“बुवा अजून पाराकडं तोंड करून उभे राहतात का?”

“कोण बोलतंय?”

“पेटीवाले गणपतराव, त्यांची मी...”

“वैनी व्हय! अवो मी ज्ञानू. धोंडुबाईचा.” आणि मग तो थांबेचना. मास्तर गेल्याचं ऐकलं होतं. आईपण गेली, श्रावणात. तंबूचं हे त्यानंच काढलंय, चार तंबू हायेत, बरं चालतंय. “सप्ताह हाय की वैनी, पर माणूस न्हाई. पोरं समदी इचलकरंजीला मागावर, न्हाईतर पुण्याला. वीणेचं पहारं कसंबसं जुळवलं. दुपारी दोन ते चार आईचा पहारा असायचा, तेवढा मोकळा हाय. सात दिस वीणा भुईला टेकवायची न्हाई, तुमास्नी ठावं हाय. मीच उभारीन म्हणतोय, पर मग पंगतीकडं कोण बघायचं.”

“मी उभी राहते,” कुणीतरी म्हणालं. तिचाच आवाज होता. “माझं नाव लिही. दोन ते चार.”

“सातीबी दिस?”

“सातीबी.”

“आनि तंबूचं?”

“तंबूचं... संध्याकाळी सांगते.”

फोन ठेवला, तेव्हा तवा कोरडाच तापून काळा पडला होता.

दुपारी शेजारच्या बनाबाई वाटी परत द्यायला आल्या, चष्मा नाकावर ओढून तिन्ही फोटो बघितले. “म्हंजे घर सोडून तंबूत निजायचं? आमच्या सासऱ्यानं धरणाच्या कामावर जन्म काढला असल्या तंबूत. एकानं फोटो काढला न्हाई मेल्यानं.” मालन नेहमीसारखी बसा म्हणाली नाही. बनाबाईंनी तिच्याकडं नीट बघितलं, “बरी हायस नव्हं गं?” म्हणाल्या आणि गेल्या.

बरी आहे का मी... पहाटे चारला भोंगा, आणि चारलाच, दीप्ती सांगते, अमरचा जेमतेम डोळा लागतो. हे माहीत असून मी नाव लिहून घेतलं. जगात एवढे डोंगर, आणि मला नेमका तोच सापडला जिथं माझ्या पोराला झोप येणार नाही. आई म्हणे! पण ह्या बोलण्याच्या मागून दुसरं काही येत राहिलं, थांबवलं तरी. पाराजवळ ती तांदूळ निवडत बसली होती, अमर जेमतेम वर्षाचा, पदराखाली झोपलेला, आणि दुपारचं ऊन असं की पत्रा तडतडतोय... पुढच्या पहाऱ्याचा माणूस आला नाही. धोंडुबाई वीणा गळ्यात घेऊन उभी, तिची म्हैस विताना अडलेली, कुणीतरी सांगत आलेलं. “वैनी, लेकरू हिकडं द्या आनि हे धरा,” ती म्हणाली. दोघी एकमेकींच्या पायांना वाकल्या, तशी रीत, आणि धोंडुबाईनं आपल्या गळ्यातला पट्टा मालनच्या गळ्यात घातला. पट्टा तिच्या घामानं ओला, गरम होता. रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी... समोर श्रोता एक नाही. पेटीवर गणपतराव होते, त्यांनी एकदा मान वर करून बघितलं आणि सूर अर्धी पट्टी खाली घेतला, तिच्या गळ्याला झेपेल असा. अर्धा तास म्हणता म्हणता दोन तास झाले. पोटऱ्या भरून आल्या. पण वाटेवर लांबून धोंडुबाई पळत येताना दिसली – पळत, पदर खोचून, कडेवर अमर, तिच्यासाठी – तेव्हा मालनला वाटलं होतं, जरा सावकाश आली असती तर...

चाळीसेक वर्षं झाली त्याला. तेव्हा नाही कळलं. आता, ह्या खोलीत, कळतंय. पहाऱ्याला उभ्या असलेल्या माणसाला हलता येत नाही. त्याला तुमची वाटच बघावी लागते. तुम्ही दोनला पोचला नाहीत तर दोनला एक माणूस वाटेकडं डोळे लावून उभा राहतो. मला सप्ताह नको आहे का मग? देवा, तुला खोटं काय सांगू – नामही पाहिजे, पण ते वाटेकडचे डोळे आधी पाहिजेत. हे गेल्यापासून दोन वर्षांत, मी उशिरा गेले म्हणून कुणाचं काही अडलं नाही.

सहाला अमरचा फोन आला. मागे रस्त्याचा गलका.

“ठरलं का गं?”

मालननं डोळे मिटले. “गगनबावड्याच्या वरची घे. कड्यावरची.”

“शांत आहे?”

“वस्ती नाही जवळ. वाऱ्याशिवाय काही नाही.” हे खरं होतं, आणि ते म्हणताना जीभ अडखळली नाही, ह्याचं तिला बरं वाटलं. लगेच, ते बरं वाटणं विरायच्या आत, ती म्हणाली, “तुम्ही तिघं जा. मला त्या आठवड्यात काम आहे जरा.”

“तुला काय काम?”

त्यानं काही वाईट मनानं विचारलं नव्हतं. तरी तो प्रश्न खोलीभर पडून राहिला. गाड्यांचा आवाज कमी झाला. तो कुठंतरी आडोशाला गेला असावा.

“आई, ऐक ना. दीप्तीला बोललो नाही मी हे.” त्याचा आवाज एकदम लहान झाला. “डॉक्टरांचं डोंगर-बिंगर ठीक आहे. पण मला सारखं वाटतं, तू शेजारी निजलीस तर मला झोप लागेल. वेड्यासारखं आहे ना? बेचाळीस वर्षांचा घोडा.”

मालननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“येतेस ना?”

“बघते,” ती म्हणाली. “उद्या सांगते.”

फोन ठेवून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली कुणी गाडीला किक मारत होतं, गाडी सुरू होत नव्हती. ‘तुला काय काम’ हे मघाशी लागलेलं कुठं लागलं होतं ते ती चाचपून बघत होती, आणि ते सापडेना. त्या जागी दुसरंच काही होतं. दिवसभर तिला वाटत आलं होतं की आपण एका मोकळ्या जागेकडं निघालो आहोत. आता दोन जागा होत्या, लांब लांब, मध्ये सगळा घाट, आणि दोन्हीकडं एकेक माणूस. बेचाळीस वर्षांचा घोडा... ती हसली, आणि हसताना गाल ओले झाले ते तिनं पुसले नाहीत. उद्या दोघांपैकी एकाला नाही म्हणावं लागणार होतं. कुणालाही म्हटलं तरी तिथं काहीतरी अडणार होतं, तिच्यावाचून, खरोखर अडणार होतं. आणि हे मनात येताच छातीत जे हललं, ते भय की आणखी काही, हे तिला काही केल्या ठरवता येईना.