ओल्या पंच्यानं पुसलेलं हरीण

मित्रांनो, मी नागपूरजवळच्या खापा गावच्या हातमागावर विणलेला एक जुना पंचा आहे, आणि माझी हकिकत सांगताना मला मान वर करवत नाही.

मला देवरावांनी स्वतः विणलं. पांढराशुभ्र, काठाला निळी रेघ. पुढे मागाला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्यांनी माग विकला आणि टेकडीतली गुहा लोकांना दाखवायचं काम धरलं. त्या गुहेत पूर्वी गुराखी पावसात शेळ्या कोंडायचे. मग एका बैराग्यानं वर्षानुवर्षं तिथे धुनी पेटवली. सत्तर सालाच्या सुमारास नागपूरच्या सीताबर्डीहून सहलीच्या गाड्या यायला लागल्या आणि गुहेचे दिवस पालटले.

सगळे यायचे ते भिंतीवरचं हरीण पाहायला. ते कोणी काढलं, किती जुनं, कोणालाच ठाऊक नव्हतं. कोरड्या भिंतीवर ते धड दिसायचं नाही. मग देवराव मला पाण्यात बुडवून त्याच्या अंगावरून फिरवायचे, आणि लाल रंग असा काही खुलायचा की पाहुणे तोंडात बोट घालायचे. शाबासकी देवरावांना मिळायची, पण फुगायचो मीही.

आता लाजेची गोष्ट. रंग पक्का की कच्चा हे पाहायला विणकर ओलं सूत पांढऱ्या फडक्यावर घासतो. फडकं रंगलं की रंग कच्चा. देवरावांनी जन्मभर हेच केलं होतं. इथे मी रोज लाल होत होतो, ते मला रोज कन्हान नदीच्या पाण्यात धूत होते, आणि घरी टेकडीचा लाल मुरूम लागला म्हणून सांगत होते. हरणाचं पोट फिकं पडलं, तेव्हा बैराग्याच्या धुरानं खराब झालं म्हणाले. बिचारा बैरागी कधीच वारला होता. देवराव त्याच्यावर आळ घेत होते, तेव्हा मी त्यांच्या खांद्यावरच होतो.

त्यांची मुलगी पुष्पलता नागपुरात शिक्षिका झाली. एकोणऐंशी साली ती आपल्या वर्गातल्या मुलींना घेऊन आली. लहानपणी पाहिलेल्या हरणाचं तिनं वर्गात भारी कौतुक केलं होतं. देवरावांनी मला भिजवून फिरवलं, पुन्हा फिरवलं. हात फिरला तिथे भिंत नुसती ओली झाली. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. देवराव बैराग्याचं नाव काढणार, तेवढ्यात पुष्पलतानं मला त्यांच्या हातातून घेतलं आणि उजेडात धरलं. मागाशेजारी वाढलेली पोर ती. माझी वीणन् वीण तांबूस झालेली तिला लगेच दिसली.

"बाबा, रंग कच्चा होता ना?" ती हळूच म्हणाली. "तुमाले समजलं नाही काय?"

 देवराव मुलींकडे वळले.

"समजलं होतं, पोरीहो. धुरानं नाही गेलं ते, मीच पुसलं. लोक वाहवा करून राहिले होते, म्हणून मी पाहूनही पाहिलं नाही."

तेव्हापासून ते कोरड्या भिंतीसमोर उभे राहून येईल त्याला हेच सांगतात. काही जण चिडून परत जातात.

मित्रांनो, जुनी गोष्ट फिकी दिसली तर फिकीच पाहा, आपल्या हौसेसाठी तिला घासू नका. त्या हरणाची शिंगं तेवढी अजून भिंतीवर आहेत. तिथवर देवरावांचा हात पोचत नव्हता.